किनारा सरकतोय? दगड टाकण्याआधी वाळूचा जमाखर्च मांडा

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात हॉलसँड्स नावाचं कोळ्यांचं छोटं गाव होतं. एका बाजूला कडा, दुसरीकडे समुद्र आणि मधे खडीची जाड पुळण. १८९७ साली जवळच्या नौदल गोदीच्या बांधकामासाठी समोरच्या समुद्रतळातून खडी उपसायला सुरुवात झाली. जाणकार म्हणाले, काळजी नको, समुद्र नवी खडी आणून टाकेल. पण ती खडी हिमयुगानंतर समुद्र वर चढताना एकदाच तिथे आलेली होती. तिच्या मागून येणारी दुसरी खडी नव्हतीच. पुळण खाली बसत गेली, गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, १९०२ मध्ये उपसा थांबला. मधे वादळांनी काही घरांना तडाखे दिले, तरी गाव उभं राहिलं. पंधरा वर्षं. २६ जानेवारी १९१७ च्या रात्री पूर्वेचा वारा आणि उधाणाची भरती एकत्र आली आणि गाव गेलं. सुदैवाने माणसं वाचली.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती मधली पंधरा वर्षं. वाळू गेली तेव्हा घरं उभी होती आणि घरं पडली तेव्हा दोष वादळावर गेला. किनाऱ्याच्या बहुतेक प्रकरणांत असंच होतं. वादळ फक्त वसुलीला येतं, कर्ज आधीच झालेलं असतं. म्हणून ‘समुद्र कसा अडवायचा’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून ‘इथली वाळू येते कुठून, जाते कुठे आणि मधे कोण खातं’ हा प्रश्न आधी विचारायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाच्या आहेत. किनाऱ्यावर घर, शेत किंवा विहीर असलेल्यांना, गावाच्या समितीत बसणाऱ्यांना आणि शाळेतल्या मुलांकडून प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांना त्या करता येतात. यंत्रं जवळपास लागत नाहीत, चिकाटी लागते.

पायरी १ : हालचाल कोणती आणि झीज कोणती, हे आधी ओळखा

पुळण रोज हलते. ते तिचं कामच आहे. खवळलेल्या दिवसांत उंच, एकामागोमाग येणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिची आडवी रांग, म्हणजे दांडा, उभा करतात. त्यामुळे पुढच्या लाटा किनाऱ्यापासून लांबच फुटतात. म्हणजे पुळण वादळात मोडत नाही, ती पाय पसरून बसते. शांत दिवसांत लांब, सपाट लाटा तीच वाळू हळूहळू परत वर आणून टाकतात. हे परत येणं काही आठवडे ते काही महिने चालतं. मात्र मागची वाळूची टेकडी कापली गेली असेल तर ती भरायला वर्षं लागतात, कारण तिथे वाळू लाट आणत नाही, वारा आणतो.

त्यामुळे वादळाच्या दुसऱ्या दिवशी काढलेला फोटो दाखवून ‘किनारा खचला’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्या दिवशी वजन करून माणूस खंगला म्हणण्यासारखं. एकाच ऋतूतली दोन वर्षांची स्थिती ताडून बघायची. गेल्या वर्षीचा शांत काळ विरुद्ध या वर्षीचा शांत काळ.

दुसरी हालचाल किनाऱ्याच्या लांबीला धरून होते. लाटा क्वचितच सरळ समोरून येतात. तिरकी आलेली लाट वाळूचा कण तिरकाच वर नेते, पण परतणारं पाणी उतारावरून सरळ खाली येतं. असा करवतीच्या दातांसारखा प्रवास करत वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे जाते. हे बघायला एक संत्रं पुरतं. संत्रं पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, म्हणून त्याला वारा फारसा ढकलत नाही. पुळणीवर ५० मीटर अंतराने दोन काठ्या रोवा, फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात संत्रं फेका आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत ते दुसऱ्या काठीसमोर पोचलं तर प्रवाह सेकंदाला साधारण १७ सेंटीमीटर आहे. पाण्यात उतरायचं नाही, फेकायचं आणि बघायचं.

संत्र्याचं उत्तर मात्र त्या दिवसापुरतंच. वर्षाचा निव्वळ ओघ कुणीकडे आहे, ते जुन्या आडव्या बांधकामाला विचारा. खाडीच्या तोंडावरची भिंत, जेटीचा भराव, समुद्रात घुसलेला खडक, यांच्या ज्या बाजूला वाळू साठून पुळण रुंद झाली आहे तिकडून वाळू येते. जी बाजू चावल्यासारखी आत गेली आहे, तिकडे ती पोचत नाही. वीसेक वर्षांची नोंद त्या एका दृश्यात असते.

पायरी २ : मोजा. दोन काठ्या, एक दोरी, एक वही

इथे थोडा जास्त वेळ घालवू, कारण बहुतेक लोक हीच पायरी गाळतात आणि मग सभेत नुसता आवाज चढवतात.

के. ओ. एमरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली पुळणीचा उतार मोजायची एक अगदी साधी पद्धत मांडली. आजही ती चालते. लागतं काय, तर दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, दोन्हींवर वरच्या टोकापासून खाली सेंटीमीटरच्या खुणा, आणि दोघींना जोडणारी दोन मीटरची न ताणणारी दोरी. माणसं तीन असली तर बरं : दोघं काठ्या धरायला, तिसरा लिहायला.

मागे, लाट कधीच पोचणार नाही अशा जागी, एक पक्की खूण ठरवा. पुलाचा खांब, घराच्या जोत्याचा कोपरा, जिवंत खडकावरची रंगाची रेघ. ‘जिवंत खडक’ मुद्दाम म्हटलं. मी पहिल्यांदा मोजायला लागलो तेव्हा पुळणीच्या कडेचं एक मोठं झाड खूण म्हणून धरलं होतं. चार महिने नोंदी छान चालल्या आणि पाचव्या महिन्यात गेलो तर झाडच नव्हतं. किनारा किती आत आला ते कळलं, पण आधीच्या नोंदी कशाला जोडायच्या ते कळेना. तेव्हापासून खुणा दोन ठेवतो आणि दोन्हींचं एकमेकींपासूनचं अंतरही लिहून ठेवतो.

ओहोटी पूर्ण लागली की खुणेपासून सुरुवात करा. एक काठी खुणेशी, दुसरी दोरी ताणून समुद्राच्या दिशेला. दोन्ही उभ्या, ओळंब्यात. जमिनीकडच्या काठीमागे उभ्या माणसाने डोळा असा वरखाली करायचा की समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिजाची रेघ एका ओळीत येतील. ती नजरेची रेषा त्याच्या स्वतःच्या काठीला जिथे छेदते, तिथला आकडा वाचायचा. टोकापासून १२ सेंटीमीटर आला तर दोन मीटरमध्ये जमीन १२ सेंटीमीटर उतरली. मधे उंचवटा लागला आणि पुढची काठीच वर गेली, तर उलट करायचं : आपल्या काठीचं टोक आणि क्षितिज जुळवायचं, ती रेषा पुढच्या काठीवर कुठे येते ते वाचायचं आणि वहीत अधिक चिन्ह घालायचं. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणायची आणि पुढची आणखी दोन मीटर पुढे. पाण्याच्या कडेपर्यंत असंच.

घोटाळे कुठे होतात ते सांगतो. काठी मऊ वाळूत बोटभर रुतते आणि तेवढीच चूक प्रत्येक टप्प्याला साठत जाते. खाली पत्र्याची किंवा फळीची छोटी चकती ठोकून घ्या. उतारावर दोरी उताराला धरून तिरकी होते, ती आडवी ताणायची. धुक्यात क्षितिज दिसत नाही, त्या दिवशी गवंड्याचा लेव्हल पाइप वापरा नाहीतर घरी जा. आणि दर वेळी तीच रेषा, तीच दिशा. शक्य असेल तर गावाच्या दोन टोकांना आणि मध्यावर अशा तीन रेषा ठेवा, महिन्यातून एकदा, उधाणाच्या ओहोटीला.

घरी आल्यावर चौकटीच्या कागदावर मागची आणि आजची रेषा एकावर एक काढा. दोन्हींमधला पट्टा म्हणजे गेलेली किंवा आलेली वाळू. समजा ५० मीटर लांबीच्या रेषेवर पुळण सरासरी ४० सेंटीमीटरने खाली गेली. म्हणजे किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे २० घनमीटर वाळू गेली. असा किनारा ५०० मीटर असेल तर १०,००० घनमीटर. दहा घनमीटरचा ट्रक धरला तर हजार खेपा. हा आकडा सभेत ठेवला की ‘दोन ट्रक वाळू टाकून बघू’ म्हणणारे गप्प होतात.

फोटो हा दुसरा साक्षीदार. ऑस्ट्रेलियात २०१७ पासून ‘कोस्टस्नॅप’ नावाचा उपक्रम चालतो. किनाऱ्यावर एक लोखंडी चौकट रोवलेली असते, येणारे-जाणारे तिच्यात फोन ठेवून फोटो काढतात, सगळे फोटो एकाच कोनातून येतात आणि त्यांवरून किनारारेषा काढता येते. तुम्हाला चौकटीची गरज नाही, कठड्यावर एक खाच पुरे. फोटोवर तारीख, वेळ आणि भरतीची स्थिती नसेल तर मात्र तो फोटो आठवण म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

तिसरा साक्षीदार उपग्रह. लँडसॅट मालिकेची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि फुकट बघता येतात. दशकांचा कल त्यांत दिसतो. याच चित्रांवरून २०१८ साली झालेल्या जागतिक अभ्यासात असं निघालं की जगातल्या वालुकामय किनाऱ्यांपैकी २४ टक्के वर्षाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वेगाने मागे हटत आहेत, २८ टक्के उलट पुढे सरकत आहेत आणि ४८ टक्के स्थिर आहेत. म्हणजे ‘सगळीकडे समुद्र आत येतोय’ हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. तुमच्या किनाऱ्याचं काय, ते तुमच्याच वहीतून ठरेल. एक सावधगिरी : जुन्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर किंवा त्याहून मोठा असतो. पाच मीटरचा फरक त्यावरून सांगायचा प्रयत्न करू नका.

पायरी ३ : खातं उघडा

वहीची दोन पानं करा. जमेच्या पानावर : नद्यांनी आणलेला गाळ, झिजणारे कडे, वरच्या किनाऱ्याकडून वाहत येणारी वाळू, शंख-शिंपल्यांचा आणि प्रवाळाचा चुरा, समुद्राच्या बाजूने वर येणारी वाळू. खर्चाच्या पानावर : खालच्या किनाऱ्याला जाणारी वाळू, खाडीच्या तोंडात अडकणारी, वाऱ्याने आत उडणारी, खोल समुद्रात गेलेली आणि माणसाने उचललेली.

आता प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न : गेल्या तीस-चाळीस वर्षांत इथे काय बदललं?

नदीवर धरण झालं का? नाईलवर आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. गाळ मागच्या जलाशयात बसू लागला आणि शेकडो किलोमीटर खाली, त्रिभुज प्रदेशात, नाईलच्या रोझेटा फाट्याच्या मुखाचं टोक झपाट्याने झिजलं. धरण आणि झीज यांच्यात एवढं अंतर असू शकतं, म्हणून कारण गावाच्या हद्दीत शोधून सापडत नाही.

शेजारी बंदर झालं का? पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या लाटरोधक भिंती बांधल्या गेल्या. तिथे वर्षाचा निव्वळ ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे. वाळू दक्षिणेला साठली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण गेली. मग शहर वाचवायला दगड टाकले, तेव्हा त्याच्याही उत्तरेची गावं झिजू लागली. याचं उत्तर तत्त्वतः सोपं आहे : अडलेली वाळू उचलून पलीकडे नेऊन टाकायची. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या खाडीमुखावर १९८६ पासून पंपांनी हेच काम रोज चालतं. तत्त्वतः सोपं म्हटलं, कारण पंप कायम चालवायला लागतो आणि फीत कापून झाल्यावर कायम चालवायच्या कामासाठी पैसा मिळत नाही.

कडा बांधून घेतला का? हे लक्षात येत नाही, पण झिजणारा कडा म्हणजे पुढच्या गावाचं उत्पन्न असतं. इंग्लंडच्या पूर्वेला होल्डरनेसचा मातीचा किनारा वर्षाला सरासरी जवळपास दोन मीटर मागे जातो. १९९१ मध्ये मॅपलटन गावाने दोन दगडी ग्रॉयन (किनाऱ्याला काटकोनात घातलेले बांध) आणि कड्याच्या पायथ्याला दगड घालून स्वतःला वाचवलं. गाव वाचलं, दक्षिणेकडच्या शेतांची झीज वाढली. मॅपलटनने चूक केली असं मी म्हणणार नाही, गावातून जाणारा मुख्य रस्ता वाचवायचा होता. पण खर्चाची ओळ दुसऱ्याच्या वहीत पडली, हे तितकंच खरं.

म्हणून हिशेबाची हद्द गावाची नसते. दोन मोठी डोंगरटोकं किंवा खोल खाड्या यांच्या मधला तुकडा, ज्यात वाळू बहुतांशी आतल्या आत फिरते, तो एक वाफा धरायचा. वाफ्यातल्या एका सरीत पाणी सोडलं तर ते शेजारच्या सरीत जाणारच, तसंच हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये किनारा व्यवस्थापनाचे आराखडे अशा वाफ्यांना धरून करतात, जिल्ह्यांच्या सीमांना धरून नाही. तुमच्या वाफ्यातल्या सगळ्या गावांना पहिल्याच बैठकीला बोलवा. नंतर बोलावलं तर ते भांडायलाच येतील.

पायरी ४ : पाणी किती चढतंय

जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात साधारण २० सेंटीमीटरने वाढली. वेगही वाढला : विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वर्षाला १.३ मिलिमीटर, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर. पण घराला लागते ती जागतिक सरासरी नव्हे, स्थानिक पातळी. भूजल उपसल्यामुळे किंवा मऊ गाळ दबल्यामुळे जमीन खाली बसत असेल तर समुद्र तेवढाच जास्त वर आल्यासारखा होतो. जकार्ताच्या उत्तर भागात एके काळी जमीन वर्षाला दहा सेंटीमीटरहून जास्त खचत होती. अशा ठिकाणी समुद्रभिंतीची चर्चा करण्याआधी कूपनलिकांची करावी लागते.

पूर येतो तो मात्र बेरजेतून. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण, त्यावर वादळाचा कमी दाब (दाब एक हेक्टापास्कलने घटला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं), त्यावर वाऱ्याने किनाऱ्याला ढकललेलं पाणी, त्यावर फुटणाऱ्या लाटांची चढण, आणि खाडीत असाल तर वरून येणारा नदीचा पूर. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी येऊन गेली तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून भरतीच्या तक्त्यात वर्षातली सर्वांत मोठी उधाणं आधीच लाल करून ठेवा. त्या दिवशी, वादळ नसतानाही, पाणी कुठपर्यंत येतं तिथे खुंट्या ठोका आणि फोटो काढा. आजच्या उधाणाच्या खुंटीवर उद्याचं वादळ कुठे पोचेल याचा अंदाज गावातल्या कुणालाही बांधता येतो, नकाशा वाचता येत नसला तरी.

पातळी वाढल्यावर किनारा किती मागे जाईल यासाठी किनारा-अभियंते पेर ब्रून यांचं १९६२ चं एक ढोबळ गणित सर्रास वापरतात : पाणी जितकं चढेल त्याच्या ५० ते १०० पट किनारा मागे. म्हणजे १० सेंटीमीटरला ५ ते १० मीटर. हा नियम पसरट, एकसारख्या वाळूच्या आणि आवक-जावक शून्य असलेल्या किनाऱ्याला लागू. शेजारी बंदर असेल, मागे खडक असेल, खाडीचं तोंड जवळ असेल तर विसरा. तज्ज्ञांमध्ये यावर बरेच वाद आहेत आणि ते रास्त आहेत.

विहिरीबद्दल थोडक्यात. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि समुद्रपातळीच्या वर भूजल एक मीटर असेल तर खाली गोड्या पाण्याची जाडी साधारण चाळीस मीटर असते. तेच उलट : उपशाने पातळी एक मीटरने उतरली तर खारं पाणी चाळीस मीटर वर चढू पाहतं. विहिरीचं पाणी मचूळ लागू लागल्यावर पंपाची वेळ वाढवणं ही शेवटची चूक असते.

पायरी ५ : काय करायचं, ते ठरवा

पर्याय मुळात चारच आहेत. आहे ती रेषा धरून ठेवायची, रेषा पुढे न्यायची, ठरवून मागे घ्यायची, किंवा काही करायचं नाही. ‘काही न करणं’ यादीत असलंच पाहिजे, निदान तुलनेसाठी. पुष्कळ किनारे असे असतात की तिथे वाचवण्याच्या खर्चापेक्षा वाचणाऱ्या गोष्टीची किंमत कमी असते. हे तोंडावर सांगणारा माणूस अप्रिय होतो, एवढंच.

*भिंत आणि दगड.* मागे खरोखर हलवता न येणारं काही असेल तरच. भिंत मागची जमीन वाचवते, पुढची पुळण नाही. किनारा मागे जायचा थांबत नाही, फक्त त्याला मागे जायला जागा उरत नाही, मग पुळण समुद्र आणि भिंत यांच्यामध्ये चेपून नाहीशी होते. भिंत बहुधा वरून पडत नाही, पायातून जाते : लाट आपटून खाली वळते आणि पायथ्याची वाळू उकरते. दगडी बंधारा बघायला गेलात तर दगडांच्या आकारावर जाऊ नका, त्यांच्या मागे चालत जा. जमिनीत ताटाएवढे खड्डे पडलेले दिसले, पाय ठेवल्यावर माती भुसभुशीत लागली, तर समजा खाली गाळणीचा थर नाही. लहान दगडांचा किंवा जिओटेक्स्टाइल कापडाचा हा थर नसेल तर दर लाटेसरशी फटींतून माती चोखली जाते आणि वरचे टनाटनाचे दगड शांतपणे खाली बसतात. दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा दगड टाकायची निविदा निघते. आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना लाट वळून मागे शिरते, म्हणून ‘फक्त माझ्या घरासमोर’ बांधलेली भिंत शेजाऱ्याचं अंगण आधी नेते आणि मग बाजूने तुमचं.

*ग्रॉयन.* किनाऱ्याला काटकोनात घातलेले बांध. वाहती वाळू अडवतात, नवी तयार करत नाहीत. घालायचेच असतील तर त्यांच्या मधल्या खणांत बाहेरून वाळू भरून घ्या, म्हणजे निदान शेजाऱ्याचा ओघ तुटणार नाही. जिथे ओघच नाही तिथे ते नुसते उभे राहतात.

*वाळू भरणं.* खात्यात तूट असेल तर भरणा करणं हे सगळ्यात सरळ उत्तर, आणि माझं मत विचाराल तर बहुतेक वस्तीच्या किनाऱ्यांवर पहिला विचार याचा व्हावा. नेदरलँड्सने १९९० मध्ये किनारारेषा वाळू भरूनच राखायची असं धोरण ठरवलं. २०११ मध्ये त्यांनी डेल्फलंडच्या किनाऱ्यावर एकदम २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकली आणि ती दोन्ही बाजूंना पसरवायचं काम वारा-लाटांवर सोडलं. ‘सँड मोटर’ म्हणतात त्याला. दोन अटी : नवी वाळू मूळ वाळूइतकी किंवा किंचित जाड हवी, बारीक असेल तर पहिल्या मोसमातच निघून जाते. दोन्ही वाळू तळहातांवर शेजारीशेजारी घेऊन भिंगाने बघा, एवढी परीक्षा कुणीही करू शकतो. आणि ती त्याच वाफ्यातल्या उथळ तळातून उचलायची नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात घालायचं आणि वाटेत थोडं सांडायचं, असा तो प्रकार होतो. हॉलसँड्स आठवा.

*वाळूच्या टेकड्या.* ही किनाऱ्याची मुदत ठेव. वादळात मोडायची, शांत काळात भरायची. टेकडी सपाट करून समुद्राचं दृश्य मोकळं करणारे लोक ही ठेव मोडतात. उभी करायला फार काही लागत नाही : काटक्यांचं किंवा पट्ट्यांचं विरळ कुंपण, ज्यात साधारण निम्मी जागा मोकळी असेल. भरीव कुंपणावर वारा आपटून वाळू उकरतो, विरळ कुंपणात तो मंदावतो आणि वाळू खाली टाकतो. कुंपण अर्धंअधिक पुरलं गेलं की वर दुसरी ओळ. मग झाडोरा : उष्ण प्रदेशात मर्यादवेल आणि वाळूतली गवतं, थंड प्रदेशात मॅरम गवत. या वनस्पतींना वाळूखाली गाडलं जाणं मानवतं, पायाखाली तुडवलं जाणं मानवत नाही. म्हणून लोकांसाठी जमिनीपासून उचललेली एक लाकडी वाट करा आणि बाकीच्या वाटा काटे घालून बंद करा. एका पायवाटेच्या खाचेतून वारा सगळी टेकडी पोखरू शकतो.

*कांदळवन आणि प्रवाळ.* आकडे चांगले आहेत. कांदळवनाचा १०० मीटरचा पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो आणि प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा खाते. पण लागवडीच्या नावाखाली जे चालतं ते वाईट. मोकळा चिखल दिसला की एका ओळीत रोपं खोचायची, फोटो काढायचा. जो चिखल दिवसातला बहुतेक वेळ पाण्याखाली असतो तिथे कांदळवन मुळात नव्हतंच आणि तिथे ते जगत नाही. ते साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वरच्या पट्ट्यात वाढतं. आधी शोधा, बी येऊन रुजत का नाही. बहुतेकदा कुणीतरी घातलेला बांध भरतीचं पाणी अडवत असतो. तो फोडला, पाण्याची जुनी ये-जा सुरू झाली, की रोपं आपणहून येतात. चिखलच वाहून जात असेल तर इंडोनेशियात डेमाकच्या किनाऱ्यावर केलं तसं, खांबांच्या दोन ओळींमध्ये फांद्या भरून झिरपती भिंत घालतात : पाणी आत येतं, गाळ मागे राहतो.

*मागे सरकणं.* याला लोक हार समजतात. अमेरिकेतलं केप हॅटरसचं दीपगृह १८७० मध्ये बांधलं तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे ४५० मीटर लांब होता. १९९९ पर्यंत तो ४० मीटरच्या आत आला. भिंती, ग्रॉयन, वाळू, सगळं करून झालं होतं. शेवटी ४,८०० टनांचं ते विटांचं दीपगृह अखंड उचलून रुळांवरून ८८४ मीटर मागे नेलं, २३ दिवसांत. इंग्लंडमध्ये मेडमेरीला २०१३ साली सुमारे सात किलोमीटरचा नवा बांध आत बांधला आणि मग समुद्राकडचा खडीचा बांध मुद्दाम फोडला. आता मधे भरतीच्या पाण्याची खारट दलदल आहे, लाटा तिथेच थकतात. फिजीतलं वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये दोन किलोमीटर आत हललं. तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी : हलायचं ठरलं ते वेळ हातात असताना.

नवं बांधकाम करणाऱ्यांसाठी याचीच छोटी आवृत्ती म्हणजे अंतर सोडणं. नॉर्थ कॅरोलायनात लहान बांधकामासाठी झिजेच्या वार्षिक वेगाच्या ३० पट अंतर सोडायचा नियम आहे. किनारा वर्षाला एक मीटर झिजत असेल तर वनस्पतींच्या पहिल्या ओळीपासून ३० मीटर. तुमच्याकडे नियम काहीही असो, वहीतला वेग घ्या आणि घर जितकी वर्षं टिकायला हवं तितक्यांनी गुणा.

पायरी ६ : उंबरठे आधीच लिहून ठेवा

आकडा दिसल्यावर काय करायचं हे आकडा दिसण्याआधी ठरवावं लागतं, नाहीतर दर वर्षी ‘अजून एक मोसम बघू’ होतं. उदाहरणार्थ : शांत काळात पुळणीची रुंदी ३० मीटरच्या खाली गेली की वाळू भरायचा प्रस्ताव. टेकडीची कड रस्त्यापासून १५ मीटरवर आली की रस्ता हलवायचं काम सुरू. १० मीटरवर आली की वाहतूक बंद. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुमच्या नोंदीतून येतील, आणि तयारीला लागणारा वेळ त्यात धरायचा. रस्ता हलवायला चार वर्षं लागणार असतील आणि झीज वर्षाला दोन मीटर असेल तर उंबरठा निदान आठ मीटर अलीकडे, त्यात एका मोठ्या वादळाचा घास वेगळा.

आणि कुणी तयार आराखडा घेऊन आलं तर कागद उघडण्याआधी एवढं विचारा. इथला निव्वळ ओघ कोणत्या दिशेला आणि वर्षाला किती घनमीटर? किती वर्षांच्या मोजणीवरून? काम संपतं त्या टोकाच्या पुढे काय होईल आणि ते तिथल्या लोकांना सांगितलंय का? पायथ्याची वाळू किती खोल उकरली जाईल असं धरलंय? देखभालीचा खर्च कोण देणार, विसाव्या वर्षीसुद्धा? काम फसलं तर काढून कोण नेणार? उत्तरं देताना समोरचा दगडांच्या दराकडे वळू लागला तर आपली वही काढून टेबलावर ठेवा आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारा.